दुसरी वायर कुठे जाते?

तुमच्या कार्यालयातल्या सर्व्हरच्या मागे एकदा टॉर्च घेऊन बघा. बऱ्यापैकी किमतीच्या सर्व्हरला आता दोन पॉवर सप्लाय असतात, म्हणजे मागे दोन काळ्या वायरी. त्यांच्यावर बोट ठेवून भिंतीपर्यंत जा. पतसंस्था असो, रुग्णालय असो की महाविद्यालय, अनेक ठिकाणी दोन्ही वायरी एकाच स्पाइक बस्टरमध्ये खोचलेल्या सापडतात. स्पाइक बस्टर एका यूपीएसवर आणि यूपीएस एका एमसीबीवर. दुसऱ्या पॉवर सप्लायचे पैसे मोजलेले असतात, पण तो कामाला येणार फक्त पहिला जळाला तरच. यूपीएस बसला, एमसीबी पडला किंवा झाडूवालीचा पाय अडकून स्पाइक बस्टर निसटला, तर दोन्ही एकदमच जातात.

हा घोळ फक्त छोट्या कार्यालयांत होतो असं समजू नका. ८ ऑगस्ट २०१६ रोजी अमेरिकेतल्या डेल्टा एअर लाइन्सच्या अटलांटा इथल्या केंद्रात वीजयंत्रणेतला एक भाग बिघडला. पर्यायी वीज होती. पण सुमारे ७,००० सर्व्हरपैकी ३०० च्या आसपास सर्व्हर तिला जोडलेलेच नव्हते, असं कंपनीने नंतर सांगितलं. तेवढ्यांनी बाकीची यंत्रणा अडवली आणि पुढच्या काही दिवसांत दोन हजारांहून अधिक उड्डाणं रद्द झाली.

म्हणून पर्यायी वीजपुरवठ्याची योजना करताना तीन प्रश्न धरून बसा. दोन्ही वाटा खरोखर वेगळ्या आहेत का? एक वाट बंद पडली तर दुसरी एकटी सगळा भार पेलेल का? आणि हे कुणी कधी करून बघितलं आहे का? पुढचं सगळं मार्गदर्शन या तीन प्रश्नांची उत्तरं शोधण्यासाठी आहे. डोळ्यांसमोर पसारा एका रॅकचा धरला आहे: दोन-तीन सर्व्हर, एक स्टोरेज, स्विच, फायरवॉल आणि इंटरनेटचा डबा.

आधी वाटा वेगळ्या करा

एका वाटेला ‘अ’ म्हणा, दुसरीला ‘ब’. प्रत्येक सर्व्हरचा डावा पॉवर सप्लाय ‘अ’वर आणि उजवा ‘ब’वर, हा नियम सगळ्या रॅकभर एकच ठेवा. ‘अ’साठी लाल आणि ‘ब’साठी निळ्या वायरी घ्या. रंगीत वायरी थोड्या महाग पडतात, पण रात्री दोन वाजता फोनवरून कुणाला ‘निळी काढ’ असं सांगता येतं. वायरीच्या दोन्ही टोकांना लेबल लावा.

वाटा किती मागेपर्यंत वेगळ्या न्यायच्या, हे खिशावर अवलंबून आहे. आदर्श मांडणीत ‘अ’ला स्वतंत्र यूपीएस, स्वतंत्र एमसीबी आणि स्वतंत्र बॅटऱ्या असतात आणि ‘ब’लाही तसंच. एकच यूपीएस परवडत असेल, तर ‘अ’ यूपीएसवर ठेवा आणि ‘ब’ वेगळ्या एमसीबीवरून थेट मेनवर, मध्ये चांगला स्टॅबिलायझर आणि सर्ज प्रोटेक्शन देऊन. अनेकांना हे उलटं वाटतं: कच्च्या लाइटवर सर्व्हर कसा ठेवायचा? पण यूपीएस हेही एक यंत्रच आहे आणि तेही बंद पडतं. दोन्ही वायरी त्याच्यावर असतील, तर महावितरणची लाइट व्यवस्थित सुरू असतानाही यूपीएसमधल्या बिघाडामुळे सर्व्हर बंद पडतो. या मांडणीत यूपीएस गेला तर मेन सांभाळते, मेन गेली तर यूपीएस सांभाळतो. मात्र लाइट जाताच सगळा भार एकट्या यूपीएसवर येणार, हे धरूनच त्याचा आकार ठरवा.

पॉवर सप्लायचं गणित

दोन पॉवर सप्लाय असलेला सर्व्हर सुरक्षित केव्हा? त्यातला एक काढल्यावर उरलेला एकटा पूर्ण भार घेऊ शकला, तर. दोन्ही ५०० वॉटचे आहेत आणि सर्व्हर ऐन कामाच्या वेळी ३८० वॉट घेतो, तर ठीक. पुढच्या वर्षी कुणी मेमरी वाढवली, आणखी डिस्क घातल्या, एक ग्राफिक कार्ड बसवलं आणि मागणी ६२० वॉटवर गेली, की तीच जोडी आता पर्यायी राहिली नाही. दोघं मिळून काम करताहेत म्हणून वर काहीच दिसत नाही. एक गेला की दुसरा ताणाखाली बंद पडतो, किंवा सर्व्हर स्वतःचा वेग एकदम कमी करतो. म्हणून सर्व्हरमध्ये काहीही वाढवलं की डेलच्या आयड्रॅक किंवा एचपीईच्या आयएलओसारख्या नियंत्रण पानावर जाऊन सर्वाधिक वापर किती वॉट झाला ते बघा. पॉवर सप्लायची स्थिती ‘रिडंडंट’ दाखवते का, तेही तिथेच कळतं.

दोन्ही पॉवर सप्लाय एकाच मॉडेलचे आणि एकाच वॉटेजचे हवेत. जुन्या बाजारातून स्वस्तात मिळाला म्हणून वेगळा लावू नका. ‘एटी प्लस’ मानांकनही बघून घ्या. २३० व्होल्टवर चालणाऱ्या सर्व्हरच्या पॉवर सप्लायसाठी अर्ध्या भाराला गोल्डची कार्यक्षमता ९२ टक्के, प्लॅटिनमची ९४ आणि टायटेनियमची ९६ टक्के असावी लागते. उरलेली वीज उष्णता होऊन खोलीत येते आणि ती बाहेर काढायला पुन्हा एसी चालवावा लागतो.

हेच गणित एमसीबीलाही लागू आहे आणि तिथे ते हमखास विसरलं जातं. समजा रॅक थोडा मोठा आहे. ‘अ’ आणि ‘ब’ दोन्ही बाजूंना १६ अँपिअरचे एमसीबी आहेत आणि प्रत्येकातून १२ अँपिअर जाताहेत. मीटर बघून सगळं ठीक वाटतं. ‘अ’ पडला की ‘ब’वर २४ अँपिअर येतात आणि काही मिनिटांत तोही पडतो. त्यामुळे रोजच्या वापरात कुठलीही बाजू तिच्या क्षमतेच्या ४० टक्क्यांपुढे जाऊ देऊ नका. दोन्ही मिळून ८० टक्के भरतात आणि एका बाजूला ते पेलतात.

यूपीएस कुठला घ्यायचा

लाइट गेल्यावर सर्व्हरचा पॉवर सप्लाय आतल्या कपॅसिटरच्या जोरावर साधारण १० ते २० मिलिसेकंद तग धरतो. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं असतं, म्हणजे हाताशी फार तर एका आवर्तनाचा वेळ. घरगुती इन्व्हर्टरची अदलाबदल कधी या वेळेत होते, कधी होत नाही. पंखे आणि दिवे त्याची तक्रार करत नाहीत, सर्व्हर मात्र रीस्टार्ट होतो. त्यामुळे घरचा इन्व्हर्टर सर्व्हरला लावण्याचा मोह टाळा.

लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस एखाद्या छोट्या स्टोरेजला किंवा स्विचला चालतो. सर्व्हरसाठी ऑनलाइन, म्हणजे डबल कन्व्हर्जनचा यूपीएस घ्या. तो आलेली वीज आधी डीसी करतो आणि तिच्यापासून सतत नवी एसी तयार करतो. त्यामुळे लाइट जाताना मध्ये खंड पडत नाही. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं, शेतीपंप सुरू झाले की खालीवर होतं. हा सगळा त्रास यूपीएस स्वतः झेलतो, सर्व्हरपर्यंत पोचू देत नाही.

खरेदीच्या वेळी केव्हीएच्या आकड्याला भुलू नका. २ केव्हीएच्या यूपीएसचा पॉवर फॅक्टर ०.८ असेल तर तो १,६०० वॉट देतो, ०.९ असेल तर १,८०० वॉट. दरपत्रकात वॉट लिहून मागा. मेंटेनन्स बायपासही मागा. तो नसेल तर यूपीएस दुरुस्तीला काढायचा म्हटलं की ती बाजूच बंद करावी लागते.

किती मोठा, किती वेळ

पॉवर सप्लायवर ८०० वॉट छापलेलं असलं, तरी सर्व्हर तेवढे खात नाही. खरा वापर नियंत्रण पानावर बघा किंवा क्लॅम्प मीटरने मोजा, तोही महिनाअखेरीसारख्या गर्दीच्या दिवशी. समजा एक सर्व्हर ३५० वॉट, दुसरा ३००, स्टोरेज २५०, स्विच आणि फायरवॉल मिळून १००. बेरीज १,००० वॉट. २ केव्हीए, ०.९ पॉवर फॅक्टरचा यूपीएस एकट्याने हे घेताना जेमतेम ५५ टक्के भरतो. उद्याच्या वाढीला जागा राहते.

आता वेळ. अर्धा तास हवा असेल तर ५०० वॉट-तास लागतात. यूपीएसमध्ये १० टक्के वाया जातात असं धरा, म्हणजे सुमारे ५५५. बॅटरीवरचा अँपिअर-अवरचा आकडा सहसा वीस तासांत हळूहळू रिकामी केल्यावरचा असतो. लेड-अॅसिड बॅटरी अर्ध्या तासात उपसली तर त्यातलं सुमारे ६० टक्केच हाती लागतं, म्हणून ९२५ धरावे लागतात. आणि बॅटरी म्हातारी झाल्यावर तिची क्षमता ८० टक्क्यांवर येईल हे गृहीत धरलं, तर जवळपास १,१६०. यूपीएस ७२ व्होल्टचा असेल तर १२ व्होल्ट, १८ अँपिअर-अवरच्या सहा बॅटऱ्या लावा. त्या १,२९६ वॉट-तास होतात. विक्रेता लहान बॅटऱ्यांवर अर्ध्या तासाचा शब्द देत असेल, तर त्याला हेच गणित कागदावर करून मागा.

अर्धा तास पुरेसा आहे का? जनरेटर असेल तर आहे. नसेल तर अर्ध्या तासाचा उपयोग एकच, सर्व्हर नीट बंद करायला. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमाराला मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदम गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. अत्यावश्यक सेवांची वीज आधी परतली, पण काही भागांना कित्येक तास वाट बघावी लागली. मुंबईची लाइट जात नाही, हा भरवसा तोवर अनेक योजनांच्या पायाशी होता. एवढा वेळ बॅटरीवर काढायला निघालात तर खर्च आवाक्याबाहेर जातो. तिथून पुढचं काम जनरेटरचं.

बॅटरीला सावलीत ठेवा

यूपीएसमधली सीलबंद लेड-अॅसिड बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षं चालते, पण २५ अंशांच्या आसपास ठेवली तर. दर १० अंशांच्या वाढीला तिचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. अकोला, चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असताना जिन्याखालच्या बंद खोलीत बॅटऱ्या ठेवल्या, तर त्या दीड-दोन वर्षांतच नांगी टाकतात आणि दोष यूपीएसच्या कंपनीला लागतो. बॅटरीच्या खोलीत हवा खेळती हवी, कारण चार्ज होताना थोडा हायड्रोजन बाहेर पडू शकतो. सहा बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात तेव्हा त्यातली एक खराब झाली तरी सगळी माळ कोलमडते. एकच बदलून काम भागवू नका, सगळा संच बदला आणि प्रत्येकीवर बसवल्याची तारीख मार्करने लिहा. जुना संच विक्रेत्याला परत द्या. बॅटरी कचऱ्याचे २०२२ चे नियम उत्पादकावरच तो परत घेण्याची जबाबदारी टाकतात.

लिथियम बॅटऱ्या हलक्या, टिकाऊ आणि महाग. पण त्या सर्व्हरच्या शेजारी ठेवायच्या का, हा स्वतंत्र प्रश्न आहे. १५ ऑक्टोबर २०२२ रोजी दक्षिण कोरियात पांग्यो इथल्या डेटा सेंटरमध्ये बॅटरीच्या खोलीत आग लागली आणि त्या देशात सर्रास वापरली जाणारी काकाओची सेवा कोलमडली. वीज जाऊ नये म्हणून ठेवलेल्या वस्तूनेच वीज घालवली. शक्य असेल तर बॅटऱ्या वेगळ्या खोलीत ठेवा आणि डेटाची एक प्रत वेगळ्या इमारतीत. पर्यायी वीज म्हणजे डेटाचा बॅकअप नव्हे.

एका वायरीची उपकरणं

सर्व्हरची जोडणी नीट झाली की लोक समाधानाने मागे फिरतात आणि स्विच, फायरवॉल, इंटरनेटचा डबा विसरतात. या सगळ्यांना बहुधा एकच वायर असते. सर्व्हर चालू आणि स्विच बंद असेल, तर शाखेत बसलेल्या कॅशियरच्या दृष्टीने सगळंच बंद आहे. यासाठी रॅकमध्ये बसणारा ऑटोमॅटिक ट्रान्सफर स्विच मिळतो. त्याला ‘अ’ आणि ‘ब’ दोन्ही वाटा द्यायच्या आणि एक वायरवाली उपकरणं त्याच्या बाहेरच्या बाजूला लावायची. एक वाट गेली की तो काही मिलिसेकंदांत दुसरीवर जातो. दोन स्विच असतील तर आणखी सोपं: एक ‘अ’वर, दुसरा ‘ब’वर आणि प्रत्येक सर्व्हरची एकेक नेटवर्क केबल दोन्हीकडे.

एसीकडेही बघा. यूपीएस सर्व्हरला अर्धा तास चालवेल, पण बंद खोलीत एक किलोवॉटची उष्णता साठत जाते. सर्व्हरच्या खोलीचं तापमान १८ ते २७ अंशांत असावं, असं सर्वसाधारण मार्गदर्शक सांगतात. एसी यूपीएसवर नको, पण जनरेटरवर मात्र हवाच.

जनरेटर

ऑनलाइन यूपीएसमागचा जनरेटर यूपीएसच्या व्हीएच्या दीड ते दुप्पट घ्यावा आणि त्यात एसीचा सुरू होतानाचा धक्का वेगळा मिळवावा. पण फार मोठाही नको. ३० टक्क्यांपेक्षा कमी भारावर डिझेल इंजिन सतत चालवलं तर त्यात काजळी धरते. बसवल्याच्या दिवशीच यूपीएस जनरेटरची वीज स्वीकारतो का ते तपासा. फ्रिक्वेन्सी खालीवर होत असेल तर काही यूपीएस ती नाकारतात आणि जनरेटर धडधडत असतानाही बॅटरी संपवतात.

महिन्यातून एकदा जनरेटर अर्धा तास खऱ्या भारावर चालवा. ऐन वेळी तो सुरू न होण्यामागे बहुधा त्याची स्टार्टर बॅटरी असते, ती तपासण्याच्या यादीत सगळ्यात वर ठेवा. डिझेलही वर्षभर टाकीत पडू देऊ नका.

अर्थिंग, न्यूट्रल आणि गळती

थ्री-फेज जोडणीत न्यूट्रल सुटला तर सिंगल-फेज उपकरणांवर ४०० व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. अशा वेळी एक नव्हे, दोन्ही पॉवर सप्लाय जळतात. म्हणून न्यूट्रलचे जोड वर्षातून एकदा घट्ट करून घ्या आणि जास्त व्होल्टेजला लाइन तोडणारं संरक्षण पॅनेलवर बसवा. न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजा. ते दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त असेल तर वायरमनला बोलवा.

आणखी एक त्रास सहसा कळत नाही. प्रत्येक पॉवर सप्लायमधून एक-दोन मिलिअँपिअर वीज अर्थकडे गळतेच, तशी त्याची रचना असते. दहा-पंधरा पॉवर सप्लाय एकाच ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर असतील, तर कुठलाही दोष नसताना तो पडतो. उपाय म्हणजे भार दोन-तीन सर्किटांवर वाटणं. आरसीसीबी काढून टाकणं हा उपाय नाही, तो माणसाचा जीव वाचवण्यासाठी आहे.

नीट बंद, नीट सुरू

बॅटरी संपण्याआधी सर्व्हर आपोआप बंद व्हायला हवेत. यूपीएसला नेटवर्क कार्ड किंवा यूएसबी जोडा आणि नट, म्हणजे नेटवर्क यूपीएस टूल्स, हे मोफत सॉफ्टवेअर किंवा कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर बसवा. सर्व्हर दोन यूपीएसवर असेल, तर एकाची बॅटरी संपताना तो बंद होता कामा नये, दोन्ही संपायला आल्यावर व्हावा. नटमध्ये ‘मिनसप्लाइज’ ही नोंद त्यासाठीच आहे. बंद होण्याचा क्रम आधी अॅप्लिकेशन, मग डेटाबेस, शेवटी स्टोरेज. सुरू होताना बरोबर उलटा.

लाइट परत येते तेव्हाही धोका असतो. २७ मे २०१७ रोजी ब्रिटिश एअरवेजच्या डेटा सेंटरची वीज गेली आणि ती पुन्हा जोडली गेली ती अनियंत्रितपणे, त्यातून यंत्रणेचं नुकसान झालं. सुमारे ७५,००० प्रवासी अडकले. आपल्याकडे लाइट येते, पाच मिनिटांनी पुन्हा जाते, पुन्हा येते. म्हणून बॅटरी निदान ३० टक्के भरल्याशिवाय यूपीएसने भार सुरू करू नये अशी सेटिंग ठेवा आणि सर्व्हरच्या बायोसमध्ये वीज आल्यावर थोडं थांबून सुरू होण्याचा पर्याय निवडा.

वायर उपटून बघा

जोपर्यंत कुणी वायर काढून बघितलेली नाही, तोपर्यंत पर्यायी पुरवठा आहे हा फक्त समज आहे. सुट्टीच्या संध्याकाळी वेळ ठरवा, लोकांना कळवा, डेटाचा बॅकअप घ्या आणि मग या क्रमाने जा:

१. एका सर्व्हरची ‘अ’ वायर काढा. सर्व्हर चालू राहिला का? इशाऱ्याचा ईमेल किंवा एसएमएस खरंच आला का? वायर परत लावा, दिवा हिरवा होऊ द्या आणि मगच ‘ब’ काढा. असं प्रत्येक सर्व्हरचं.

२. यूपीएसचा इनपुट एमसीबी बंद करा आणि बॅटरी किती मिनिटं टिकते ते घड्याळ लावून लिहा. पूर्ण रिकामी होऊ देऊ नका.

३. ‘अ’ बाजू पूर्ण बंद करून ‘ब’वरचे अँपिअर मोजा. मग उलट.

४. मेन स्विच पाडा, जनरेटर सुरू होऊन यूपीएसने त्याची वीज घेतली का ते बघा.

पहिली पायरी दर तीन महिन्यांनी, बाकीच्या सहा महिन्यांनी. देखभालीसाठी महावितरण आधी कळवून लाइट बंद ठेवतं तो दिवस चौथ्या पायरीला उत्तम, कारण लाइट नक्की जाणार आणि साधारण कधी येणार तेही माहीत असतं.

पैसे कमी असतील तर

पहिल्या दिवशी एक पैसाही न घालता करता येतं ते करा: वायरी वेगवेगळ्या एमसीबींवर न्या, लेबल लावा, भार मोजा, आपोआप बंद होण्याची सेटिंग करा. त्यानंतरचा पैसा न्यूट्रल-अर्थिंग आणि बॅटऱ्यांवर, मग ट्रान्सफर स्विचवर. दुसरा यूपीएस त्याच्या नंतर आणि जनरेटर सगळ्यात शेवटी, तोही तासन्‌तास काम थांबणं परवडत नसेल तरच. रुग्णालयाला ते परवडत नाही. महाविद्यालयाला बहुधा परवडतं.

प्रत्येक चाचणीची एक वही ठेवा: तारीख, कुणी केली, बॅटरी किती मिनिटं टिकली, काय अडलं. मागच्या वेळी २८ मिनिटं टिकलेली बॅटरी या वेळी १७ मिनिटांवर आली, हे वहीतच कळतं. पुढच्या वेळी विक्रेता जास्त केव्हीएचा यूपीएस सुचवेल, तेव्हा त्याच्या दरपत्रकाआधी ही वही उघडा आणि जी जागा त्यात वारंवार अडलेली दिसते, तिथेच पैसा घाला.